दापोली, १९९१ ते ९५: तीस वर्षांनी कोण कुठे, आणि हातात काय उरलं?

कोयकलम
९ जून २०२५, रात्री ९:४०

कृषी पदवीचा शेवटचा पेपर देऊन आपण दापोलीच्या एसटी स्टँडवर ट्रंका घेऊन बसलो होतो, त्याला तीस वर्षं झाली. व्हॉट्सॲपच्या गटात वाढदिवस आणि श्रद्धांजली यांपलीकडे कुणी काही लिहीत नाही आणि लिहिलेलं दुसऱ्या दिवशी सापडत नाही. म्हणून हा धागा. आपल्या वर्गातले सात-आठ जण तरी इथे वाचतात हे मला ठाऊक आहे. राहुरी, अकोला, परभणीवाल्यांनीही लिहा. आधीच्या आणि नंतरच्या वर्षांनीही लिहा.

दोनच गोष्टी विचारायच्या आहेत. सध्या काय करता? आणि त्या चार वर्षांत शिकलेलं काय अजून वापरात आहे? पद आणि पगार नाही सांगितला तरी चालेल.

मी लांजा तालुक्यात रोपवाटिका चालवतो. आंबा, काजू, थोडं कोकम. १९९० साली रोजगार हमी योजनेतून फळबाग लागवड सुरू झाली आणि कलमांना एवढी मागणी आली की पावसाळ्यात शनिवार-रविवारी कलमं बांधून आपण मेसचे पैसे भरायचो. माझं ते सुटलंच नाही. एम.एस्सी.ला नंबर लागला होता, पण घरी धाकट्या दोघांची शिक्षणं होती. दोन वर्षं औषधांच्या कंपनीसाठी मोटारसायकलवर रत्नागिरी जिल्हा पालथा घातला. १९९८ला, कोकण रेल्वे सुरू झाली त्या वर्षी, वडिलांच्या कातळावर झापांचा मांडव घातला आणि तीन हजार कोयी रुजत घातल्या.

बाहेरच्यांसाठी थोडं सांगतो. आंब्याची कोय रुजून कोंब वर येतो तेव्हा त्याची पानं तांबूस असतात. तेवढ्या दहा-पंधरा दिवसांतच कोय कलम करायचं. कोंब आडवा छाटायचा, मधोमध खाच द्यायची, हापूसच्या काडीला पाचरीसारखा आकार देऊन ती खाचेत बसवायची आणि प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट गुंडाळायची. पानं हिरवी झाली की खुंट, म्हणजे खालचं रोप, निबर होतो, मग कलम धरत नाही. यंदा पाऊस मे संपायच्या आतच आला. शेवटचा आंबा झाडाखाली कुजला, कोयी जमवताना नाकी नऊ आले. तरी पहिली चार हजार बांधून झाली आहेत. मी अजून रोज दोन तास स्वतः सुरी धरतो. चष्मा लागतो, पण हात थरथरत नाही.

आता तुम्ही.

घाटावरचा
९ जून, रात्री ११:२०

गड्या, झोप घालवलीस.

मी गावीच, तासगाव तालुक्यात. द्राक्ष. दापोलीला नंबर लागला तेव्हा वडील म्हणाले होते, द्राक्षवाल्याचा पोरगा आंबा शिकून काय करणार? पहिल्या पावसाळ्यात तर मीही तेच म्हणत होतो. आमच्याकडे वर्षाला पडतो त्याहून जास्त पाऊस तुमच्याकडे एका महिन्यात. कपडे वाळायचे नाहीत, पुस्तकांना बुरशी यायची. आणि तुम्ही सगळे कोकणातले आम्हाला घाटी म्हणायचात. वर्षभरात मीच तुमच्यापेक्षा जास्त मासे खायला लागलो ते वेगळं.

२००२ आणि २००३, लागोपाठ दोन वर्षं पाऊस गेला. वडिलांची चार एकर थॉम्पसन स्वतःच्या मुळावरची होती. टँकरचं पाणी विहिरीत ओतायचं आणि तिथून ठिबकला द्यायचं, असे दिवस काढले. अडीच एकर वाळली. वडील बांधावर बसून असायचे, बोलायचे नाहीत. डॉगरीज हा रानटी द्राक्षाचा खुंट पाण्याचा ताण आणि खारं पाणी सोसतो. फेब्रुवारीत खुंट लावायचे आणि ऑगस्ट-सप्टेंबरात जागेवरच कलम भरायचं. कलम भरणाऱ्या टोळ्या तेव्हा मिळत नव्हत्या, मिळाल्या तर पैसे नव्हते. मी आणि बायकोने मिळून अडीच एकर भरली. मी काप द्यायचो, ती पट्टी बांधायची. कोयीवर शिकलेला काप वेलीवर चालला. वडिलांनी पहिला फुटवा बघितला आणि एवढंच म्हणाले, "दापोली फुकट गेली नाही म्हणायची." त्यांच्या तोंडून मिळालेलं तेवढंच प्रमाणपत्र मी जपून ठेवलंय.

त्यानंतरही सोपं काही नव्हतं. ऑक्टोबर २०१९ला गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, होऊन बागा फुलोऱ्यात होत्या आणि पाऊस थांबेना. ट्रॅक्टर चिखलात रुतायचा, औषध मारायला आत जाता यायचं नाही. डाऊनी या बुरशीच्या रोगाने घडच्या घड काळे पडले. त्या वर्षी विकायला द्राक्ष नव्हतं आणि बेदाण्यालाही नव्हतं. दीड एकर काढून टाकली, तिथे आता ऊस आहे. ऊस लावताना मला लाज वाटली होती हे इथेच पहिल्यांदा लिहितोय.

मुलगी यंदा कृषीला गेली. तिने स्वतः निवडलं, मी एक शब्द बोललो नाही.

गोदाकाठ
१० जून, सकाळी ७:०५

मी तुमच्या वर्गातला नाही. परभणी, १९९३. शाळेत शिक्षक आहे. वाचतोय, थांबवू नका.

वेंगुर्ला_चार
१० जून, दुपारी २:३०

खंय होतंस रे इतकी वर्सां? लांज्यात आसंस आणि माका कळवूक नाय?

वर्गात आम्ही अकरा मुली होतो. मी मागच्या बाकावरची, वहीत काजूची चित्रं काढणारी. वेंगुर्ल्यापासून तासाभरावर माझा काजूचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे एक शेड, बॉयलर, सुकवायची भट्टी आणि चौदा बायका. बी वाफेवर उकडायची, दिवसभर निवू द्यायची, कटरवर फोडायची, गर सुकवायचा, साल काढायची आणि मग प्रत लावायची. ३२० नंबर म्हणजे एका पौंडात तीनशे ते तीनशेवीस गर. हाताने प्रत लावणारी जुनी बाई डोळे मिटून सांगते हा २४०चा आणि हा ३२०चा. टरफलातलं तेल बोटं जाळतं. सुरुवातीची दोन वर्षं मी स्वतः फोडायला बसायचे. उजव्या हाताच्या तर्जनीचं कातडं अजून वेगळं दिसतं.

कर्ज काढायला २००६ साली एका बँकेत गेले. तिथल्या साहेबांनी माझी पदवी, प्रकल्प अहवाल, सगळं बाजूला ठेवून विचारलं, सातबारा कोणाच्या नावावर आहे? मालकांना घेऊन या. मी म्हटलं, धंदा माझा आहे. ते म्हणाले, हो, पण मालकांना घेऊन या. मी परत गेलेच नाही. आईच्या पाटल्या मोडल्या आणि पहिला कटर घेतला. पुढे दुसऱ्या बँकेत एक मॅडम भेटल्या, त्याही कृषी पदवीधर, राहुरीच्या. त्यांनी शेडवर येऊन बायकांबरोबर बसून चहा घेतला आणि कागद केले. ती नोंद माझ्या मनात कायम आहे.

शिकलेल्यातलं काय वापरते? माणसं येऊन विचारतात, ताई, कुठलं कलम लावू? त्यांना मी वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ दोन्ही दाखवते. सातची बी दहा ग्रॅमची, किलोत शंभरेक बसतात. मोठा गर, चांगला भाव. पण सगळी बाग एकाच जातीची करू नको, हेही सांगते. ते सरांनी सांगितलेलं.

एक दुःख बोलून दाखवते. बोंडू. बीच्या सहा-आठ पट वजनाचं रसाळ फळ आपण झाडाखाली टाकून देतो. गोव्यात त्याची फेणी होते, इथे गुरंही पोटभर खात नाहीत. मी सरबत, सुकवलेला बोंडू, सगळं करून पाहिलं. घसा धरतो तो तुरटपणा काढणं जमतं, पण फळ दुसऱ्या दिवशी आंबतं आणि महिना-दीड महिन्यात सगळा हंगाम संपतो. त्याच्यासाठी मी अजून दोन वर्षं देणार आहे.

ते_पुके
१० जून, रात्री १०:१०

इथे न्यूझीलंडमध्ये अकरा तारखेची पहाट झाली आहे आणि थंडी पडली आहे. हो, मीच तो. पावसात छत्री न घेणारा.

एम.एस्सी. केलं, एका कंपनीत बियाणं विकलं, बायको नर्स होती, तिला इथे नोकरी मिळाली. २००४ला आलो. माझ्या पदवीचं इथे काय करायचं ते कुणालाच कळत नव्हतं, मलाही नाही. पहिली तीन वर्षं पॅकहाऊसमध्ये पट्ट्यावर किवी निवडले. बरोबर पंजाबी मंडळी पुष्कळ होती. ते पुके छोटं गाव आहे, पण इथे गुरुद्वारा आहे आणि पहिल्या दिवाळीला जेवायला मी तिथेच गेलो.

मग नोव्हेंबर २०१० आला. याच गावातल्या एका मळ्यात पीएसए नावाचा जिवाणूचा रोग सापडला. वेलीतून लालसर चीक ओघळायचा, कोवळे फुटवे काळे पडून लोंबायचे. पिवळ्या गराची जी जुनी जात होती, हॉर्ट१६ए, ती तर डोळ्यांदेखत मरू लागली. मळेवाल्यांनी तीस-तीस वर्षांच्या वेली करवतीने कापल्या. फळं धरलेल्या वेली जमिनीवर पडलेल्या मी पाहिल्या आहेत. पिढ्यान् पिढ्यांची माणसं, कुंपणाला टेकून उभी. मला तेव्हा घाटावरच्याचे वडील माहीत नव्हते, आज वाचताना तेच डोळ्यांसमोर आले.

उपाय एकच होता. कापलेल्या बुंध्यांवर जी३ या नव्या, रोगाला जास्त टिकणाऱ्या जातीची काडी कलम करायची. सगळ्या गावाला एकाच हिवाळ्यात कलम करणारे हात हवे झाले. जुलै महिना, बोटं बधिर झालेली. प्रत्येक वेलीनंतर सुरी स्पिरिटमध्ये बुडवायची, नाहीतर रोग आपणच पुढे नेणार. मळ्याच्या मालकाने विचारलं, कुणाला येतं? मी हात वर केला. पॅकहाऊसमधल्या माणसाला कलम येतं यावर त्याचा विश्वास बसेना. त्याने एक बुंधा दाखवला. मी खाच पाडली, काडी तासली, साल सालीला लावली. तो खाली वाकून बघत राहिला आणि म्हणाला, उद्यापासून तू सुरीवर.

आज मी तीन मळ्यांचं काम पाहतो. हे सगळं त्या एका सकाळमुळे.

आणि म्हणून मला विचारायचं आहे. रोपवाटिकेतले मामा कसे आहेत? ज्यांनी आपल्याला सुरी धरायला शिकवली ते. प्रात्यक्षिकाच्या वहीवर सही सरांची असायची, पण माझा अंगठा धरून "जोर बोटात नको, मनगटात" असं सांगणारे मामाच होते. ते रोजंदारीवर होते ना? मी दरवर्षी विचारायचं ठरवतो आणि राहतं.

कोयकलम
१० जून, रात्री ११:४५

मामांबद्दल सविस्तर लिहितो. आज नाही जमणार. उद्या-परवा.

पंचनामा
११ जून, रात्री ८:१५

मी शेती सोडली. राज्यसेवेतून १९९९ला महसूल खात्यात आलो. सव्वीस वर्षं फायली, मोजण्या, निवडणुका, टंचाई. कलमाची सुरी पदवीनंतर हातात धरलेली नाही, त्यामुळे तुमच्यात लिहू की नको असं झालं होतं. पण एक सांगायचं आहे.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा माझी नेमणूक वेगळ्या जिल्ह्यात होती. पंचनाम्यांसाठी माणसं कमी पडली म्हणून आम्हाला दापोली-मंडणगडकडे पाठवलं. करोनाचे दिवस, तोंडाला मास्क, वीज नाही, फोन नाही. केळशीच्या बाजूला मला जी गावं मिळाली, त्यातलं एक आपल्या रावेचं, म्हणजे शेवटच्या वर्षी गावात राहून शेतीचा अनुभव घ्यायच्या सत्राचं, गाव होतं. १९९४च्या पावसाळ्यात ज्या घराच्या पडवीत मी आणि दोन मित्र राहिलो, ते घर.

वाडी आडवी झाली होती. सुपारी मधून मोडलेली, नारळ मुळासकट उपटून विहिरीवर पडलेले, आणि या सगळ्यावर कौलांचे तुकडे. घरातल्या आजी, तेव्हा त्या काकू होत्या, पायरीवर बसलेल्या. मी मास्क काढला. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "तू तो ना, झाडाभोवती आळं कसं करायचं ते मला शिकवणारा? मी तेव्हापासून तसंच करत आले हो."

आम्ही दोघांनी मिळून झाडं मोजली. त्या काठीने दाखवायच्या, मी लिहायचो. एकशे बारा सुपाऱ्या, एकोणीस नारळ. मदतीचा हिशोब हेक्टरावर होता आणि त्यांची वाडी सात गुंठ्यांची. मी कागदावर क्षेत्र लिहिलं आणि खाली, रकाना नसताना, झाडांची संख्याही लिहिली. नंतर झाडांवर मदत द्यावी अशी मागणी सगळ्या किनाऱ्यावरून झाली. माझ्या त्या ओळीचा त्यात काही वाटा नसेल. पण ती लिहिल्याशिवाय मला तिथून उठवेना. नारळ लावल्यावर फळाला सहा-सात वर्षं लागतात. त्या तेव्हा पंचाहत्तरीच्या पुढे होत्या.

नारळ किती वर्षांनी धरतो हे मी पुस्तकातच शिकलो होतो. ते त्या दिवशी मला कळलं.

वेंगुर्ला_चार
११ जून, रात्री ८:५०

त्या आजी कशा आहेत आता?

पंचनामा
११ जून, रात्री ९:१०

आहेत. गेल्या दिवाळीत जाऊन आलो. नवीन सुपारी छातीएवढी झाली आहे. आळी बरोबर केलेली होती.

ठाणे_खाडी
१३ जून, रात्री १२:३०

तीन दिवस वाचतोय. माझं तुमच्यासारखं काही नाही. आधी औषधांचा एमआर, मग विमा. ठाण्यात दोन खोल्यांपासून सुरुवात केली. आता बरं चाललंय, मुलगा शिकला, नोकरीला लागला. कृषीची पदवी भिंतीवर नाही, कपाटात आहे.

पण मला जे टोचतं ते सांगतो. गुहागर तालुक्यात आमची दीड एकर बाग होती. वडील गेले, आई ठाण्याला आली, बाग कराराने दिली. करारवाल्याने कल्टार, म्हणजे झाडाची वाढ रोखून मोहोर आणणारं पॅक्लोब्युट्राझोल, ओतून चार वर्षं भरघोस आंबा काढला आणि पाचव्या वर्षी झाडं फुटेनात. फांद्या आखूड, पानं गुच्छासारखी. मला कल्टारची मात्रा पाठ होती, तीन वर्षांच्या प्रश्नपत्रिकांत ती आली होती. तरी मी करारात ती लिहून घेतली नाही, एकदाही जाऊन पाहिलं नाही. २०१२ला प्लॉट पाडणाऱ्याला जमीन विकून टाकली. आता तिथे बंगले आहेत. बंगल्याच्या जाहिरातीत आमचाच एक आंबा उभा दिसतो.

तुम्ही विचारलंत शिकलेलं काय वापरलं. मी हे वापरायला हवं होतं.

कोयकलम
१३ जून, सकाळी ६:१५

अरे, लिहिलंस ते फार बरं केलंस. हे फक्त तुझ्या बागेचं झालेलं नाही.

कल्टारबद्दल सगळ्यांसाठीच लिहितो, कारण दर आठवड्याला कुणीतरी अशा बागेचे फोटो पाठवतं. हापूस एक वर्ष धरतो, एक वर्ष रुसतो. ते दरवर्षी धरावं म्हणून दापोलीने पॅक्लोब्युट्राझोलची शिफारस केली ती मोजून: झाडाच्या विस्ताराच्या दर मीटरला ३ मिलिलिटर, साधारण १५ जुलै ते १५ ऑगस्टच्या दरम्यान, पाण्यात मिसळून, बुंधा आणि विस्ताराचा कडा यांच्या मध्यावर गोलात छोटे खड्डे करून. झाड सशक्त हवं, आणि पुढे खताची मात्रा वाढवायची. ज्याला बाग तीन-चार वर्षंच ठेवायची आहे तो यातलं खत विसरतो आणि औषध दुप्पट करतो. झाड स्वतःला खाऊन फळ देतं.

पण तशी बाग मेलेली नसते. औषध बंद, खत-पाणी, मोठ्या फांद्यांची छाटणी करून नवी पालवी धरायची, दोन-तीन वर्षं फळाची आशा सोडायची. मी अशा बागा परत फळावर आलेल्या पाहिल्या आहेत. तुझी जमीन गेली, ती गेली. पण तुझ्या विम्याच्या ग्राहकांमध्ये गावी आंब्याची बाग कराराने दिलेले किती जण असतील बघ. ठाण्यात असे घरटी सापडतात. त्यांना करारात मात्रा लिहून घ्यायला सांग. कागद कसा करायचा ते तुला आमच्यापेक्षा जास्त कळतं.

ठाणे_खाडी
१३ जून, दुपारी १:००

काल रात्रीपासून आत्तापर्यंत आठ जणांची नावं आठवली. मसुदा करून इथे टाकतो, पंचनामा तपासून देईल का?

पंचनामा
१३ जून, दुपारी १:४०

देतो. रविवारी फोन कर.

पहिली_रांग
१५ जून, दुपारी ४:२०

मला ओळखलंत? सरांच्या समोर बसून सगळं उतरवून घेणारी. माझ्या वह्या तुम्ही सगळ्यांनी झेरॉक्स केल्या होत्या.

लग्न पंचाण्णवलाच झालं, निकालाच्या आधी. चौदा वर्षं घर, सासूबाईंचं आजारपण, दोन मुलं. कुणी विचारलं की काय शिकलात, तर मी नुसतं "ग्रॅज्युएट" म्हणायचे. २०१०ला एका मैत्रिणीने सांगितलं की किसान कॉल सेंटरला कृषी पदवीधर हवे आहेत. १८००-१८०-१५५१. मुलाखतीला जाण्याआधी आठ रात्री मी त्याच वह्या वाचल्या.

पहिला फोन विदर्भातून आला, कपाशीचा. मी आयुष्यात कपाशीचं शेत पाहिलेलं नव्हतं! आपल्या कोकणात कुठे? त्यांना म्हटलं, दादा, पान कसं दिसतं ते मला सांगा, घाई करू नका. त्यांनी पान उलटं करून, सुलटं करून, इतकं नीट सांगितलं की मला ते दिसलं. तेव्हापासून माझी पद्धत तीच. मी विचारत राहते. शेतकरी बघतो आणि मला दाखवतो. २०१७ला गुलाबी बोंडअळीच्या वेळी दिवसभर तेच फोन. बोंड वरून हिरवंगार, फोडलं की आत किडलेलं. काही माणसं सल्ला विचारायचीच नाहीत, नुसतं सांगायची. एक गृहस्थ पंधरा मिनिटं बोलले आणि शेवटी म्हणाले, बाई, फवारणीचं राहू द्या, तुम्ही ऐकलंत तेवढं पुरे.

एकदा सिंधुदुर्गातून एका मुलाने विचारलं, कलमाची पट्टी कधी सोडायची? मला इतका आनंद झाला की मी त्याला सगळंच सांगितलं, खुंटावरचे फुटवे काढण्यापासून. शेजारच्या टेबलावरची मुलगी बघत राहिली.

आता काम सोडून दोन वर्षं झाली. वह्या अजून आहेत.

सदाशिव_पेठ
१५ जून, रात्री १०:३०

सर, मॅडम, मी २०२१चा, दापोलीचाच. धाग्यात लिहू की नको असा विचार करत होतो. चार वर्षं पुण्यात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतोय. गेल्या ऑगस्टमध्ये कृषीच्या २५८ जागांसाठीच्या आंदोलनात शास्त्री रस्त्यावर रात्रभर बसलो होतो. वय सव्वीस. गावी लांज्यालाच तीन एकर कातळ आहे. आईवडील "परत ये" म्हणत नाहीत, पण फोनवर गप्प होतात.

अभ्यास सोडला तर चार वर्षं वाया गेली असं वाटेल. नाही सोडला तर पुढची जातील असं वाटतं. तुम्ही लोकांनी कसं ठरवलं?

खरं सांगायचं तर कलम मी प्रात्यक्षिकात दहाच केली आहेत. त्यातली किती धरली ते पाहायच्या आत सत्र संपलं.

घाटावरचा
१५ जून, रात्री ११:००

पोरा, आम्ही ठरवलं नाही. पाऊस गेला, वडील बांधावर बसले, म्हणून मी सुरी धरली. तुझ्यापुढे निवड आहे, ती आमच्यापेक्षा जड आहे हे मी मानतो.

पंचनामा
१५ जून, रात्री ११:२५

मी परीक्षा पास झालेला माणूस आहे, म्हणून सांगतो. माझ्याबरोबर अभ्यासाला बसलेले आणि माझ्याहून हुशार तिघे पास झाले नाहीत. आणखी एक प्रयत्न करायचा तर कर, पण तारीख ठरवून कर. आणि पावसाळा पुण्याच्या अभ्यासिकेत घालवू नकोस. पुस्तक लांज्यातही उघडतं.

कोयकलम
१६ जून, रात्री ९:००

आता मामांबद्दल.

ते_पुके, मामा २०१६ला गेले. तुला आधी फोन करून सांगायला हवं होतं, पण तू इथे सगळ्यांसमोर विचारलंस, तर सगळ्यांनाच कळू दे.

ते शेवटपर्यंत रोजंदारीवरच होते. कायम होण्याचे कागद दोनदा पुढे गेले आणि दोनदा परत आले. वय झाल्यावर काम थांबलं, पेन्शन नाही. २००७ला ते एसटीने माझ्याकडे आले. पिशवीत धोतर, डबा आणि ती सुरी, झिजून अर्धी झालेली. म्हणाले, "तुझ्या कलमांत मर जास्त आहे असं ऐकलं." खरंच होतं, त्या वर्षी शंभरातली पन्नासच धरत होती. त्यांनी एक सकाळ नुसतं पाहिलं. मग म्हणाले, काड्या आदल्या संध्याकाळी आणतोस, सकाळी कापतोस. रात्रभर सुकतात. काडी काढायची आणि त्याच तासात बांधायची. आणि काडीच्या टोकाचा डोळा फुगलेला हवा, झोपलेला नको. दुसऱ्या हंगामात शंभरातली सत्तर-बहात्तर धरू लागली. हे कुठल्याही वहीत नव्हतं, पहिल्या रांगेतल्या वहीतही नव्हतं.

नऊ पावसाळे ते माझ्याकडे राहिले. मी त्यांना कामाला ठेवलं असं कुणी म्हणू नये, ते माझ्याकडे शिकवायला होते. सुरी त्यांनी मुलीला दिली. तीच आज माझ्याकडे बारा बायकांची टोळी चालवते. दिवसाला चारशे कलमं बांधणारी बाई मी दुसरी पाहिलेली नाही.

आणि सदाशिव_पेठ, तू लांज्याचाच निघालास. एक जुलैपासून ये. सकाळी सात ते बारा कलमं, दुपारनंतर तुझा अभ्यास. मजुरी बाकीच्यांना मिळते तीच. तुला मी शिकवणार नाही, मामांची मुलगी शिकवेल.

ते_पुके
१७ जून, पहाटे ३:३०

वाचलं. आज मळ्यात गेलो आणि बराच वेळ काही केलं नाही.

त्यांच्या मुलीचा पत्ता मला खाजगीत पाठव. पुढच्या जानेवारीत येतोय. इथली एक चांगली सुरी तिच्यासाठी आणतो. डावखुरी आहे का? मामा डावखुरे होते.

कोयकलम
१७ जून, सकाळी ६:००

डावखुरीच आहे.

वेंगुर्ला_चार
१७ जून, सकाळी ९:१५

मग जानेवारीत सगळेच लांज्याला येऊया. काजू माझ्याकडून. घाटावरच्या, बेदाणा तू आण. पहिल्या रांगे, तुझ्या वह्या घेऊन येच.

पहिली_रांग
१७ जून, सकाळी ९:४०

येते. आणि मामांचं ते काडीचं, मागच्या पानावर लिहून ठेवलं आत्ताच.

सदाशिव_पेठ
३ ऑगस्ट, संध्याकाळी ७:१०

सर सांगत होते इथे लिही म्हणून लिहितोय. महिना झाला. पहिल्या आठवड्यात बोट दोनदा कापलं. ताई माझी सगळी कलमं उलगडून पुन्हा बांधायला लावायच्या. दुसऱ्या आठवड्यापासून माझी वेगळी रांग दिली, साठ पिशव्यांची, काठीला माझं नाव लावून. आज एकवीस दिवस झाले. मोजली. साठातली बेचाळीस फुटली आहेत, अठरा गेली.

कोयकलम
३ ऑगस्ट, रात्री ८:००

अठरा कुठली? रांगेच्या एका टोकाची की मधली मधली? पट्टी सोडून काप बघ, आत काळा आहे की कोरडा, आणि फोटो टाक.